गोळ्या चालू आहेत, मग काम का जमत नाही?

स्किझोफ्रेनिया म्हटले की कानात येणारे आवाज, नसता संशय आणि असंबद्ध बोलणे एवढेच डोळ्यांसमोर येते. ही लक्षणे घरादाराला घाबरवतात, म्हणूनच रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचतो. 1950च्या दशकात क्लोरप्रोमाझिन आल्यापासून बऱ्याच रुग्णांत ती औषधांनी आटोक्यात येऊ लागली. आजाराचा दुसरा भाग मात्र मागे उरतो आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

अकोले तालुक्यातील राजूर परिसरातल्या एखाद्या भातखाचरात तो कसा दिसेल, पाहा. आवाज थांबले, झोप लागू लागली, म्हणून घरचे मुलाला आवणीला नेतात. रोपांच्या मुठ्या पलीकडच्या खाचरात टाक, बांध फुटलाय तो बुजव आणि येताना पाण्याची कळशी आण, असे त्याला एका दमात सांगतात. मुठ्या टाकून तो बांधावर उभा राहतो. पुढची दोन्ही कामे त्याच्या मनातून निसटलेली असतात. पाहणारे म्हणतात, आता बरा झालाय, पण अंगचोर आहे.

हातचे काम पुरे होईपर्यंत सांगितलेले मनात धरून ठेवणाऱ्या शक्तीला वर्किंग मेमरी, म्हणजे कार्यकारी स्मृती म्हणतात. लक्ष टिकवणे, नवे शिकणे, विचारांचा वेग, अडचणीतून वाट काढणे, समोरच्याचा चेहरा वाचणे या क्षमताही तिच्याच सोबतच्या. या साऱ्यांना मिळून कॉग्निशन, म्हणजे बोधनक्षमता असे नाव आहे. स्किझोफ्रेनियात ती बहुतेकांत कमीअधिक खालावते, आणि पुष्कळदा ठळक लक्षणे दिसण्याच्या आधीपासूनच.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मायकेल ग्रीन यांनी 1996 मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. रुग्णाला नोकरी, घरकाम आणि माणसांतले वावरणे कितपत जमेल, याचा संबंध भ्रम-भासांपेक्षा स्मृती आणि लक्ष यांच्याशी अधिक असल्याचे त्यातून पुढे आले.

प्रचलित औषधे मुख्यतः मेंदूतील डोपामिन या रसायनाचा प्रभाव रोखून भ्रम आवरतात. बोधनक्षमतेला त्यांचा लाभ फार थोडा होतो. उलट, या औषधांमुळे होणारी हातांची थरथर कमी व्हावी म्हणून सोबत दिली जाणारी ट्रायहेक्झिफेनिडिल ही गोळी स्मरणशक्ती आणखी मंदावू शकते. ती कुणीही परस्पर बंद करू नये. तिची अजून गरज आहे का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारावे. खास बोधनक्षमतेसाठी तयार केलेले आयक्लेपर्टिन हे औषधही शेवटच्या टप्प्यातील चाचण्यांत उद्दिष्ट गाठू शकले नाही, असे जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाले.

म्हणूनच दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातले काम महत्त्वाचे वाटते. डॉ. स्मिता देशपांडे, त्रिप्तिश भाटिया आणि पिट्सबर्ग विद्यापीठातील विश्वजित निमगावकर यांच्या गटाचा हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची औषधे चालू ठेवूनच काही रुग्णांना 21 दिवस योग, तर काहींना व्यायाम शिकवला गेला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत लक्ष देण्याच्या काही मोजमापांत सुधारणा दिसली. ती माफक होती आणि तिला चमत्कार म्हणता येणार नाही. पण त्यासाठी लागते ती एक मोकळी जागा आणि शिकवणारा माणूस, आणि हे दोन्ही अकोले तालुक्यात उभे करता येण्यासारखे आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील कलम 18 पुनर्वसनाची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. उपचारांसाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, असेही ते सांगते. राजूरपासून जिल्ह्याचे ठिकाण अहिल्यानगर शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरून महिन्याच्या गोळ्या आणता येतील, पण रोजचा सराव आणता येणार नाही. स्मृती आणि लक्ष यांची तपासणी, सरावाचे वर्ग आणि कुटुंबाला मार्गदर्शन हे सारे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर मिळायला हवे. गोळ्यांची पुडी हातात ठेवून सरकारची जबाबदारी संपत नाही.

तोवर घरच्यांनी एका वेळी एकच काम सांगावे, ते झाले की दुसरे. लिहिता-वाचता येत असेल तर कामांची चिठ्ठी खिशात द्यावी. आळशी हा शब्द वापरू नये. विचारायला जवळ कुणी नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो.