कुणाच्या हातचं मंचुरियन?

दिवाळीत चार दिवस अहमदपूरला जाऊन आले. संध्याकाळी भाच्याला घेऊन बसस्टँडकडे फेरी मारायला गेले होते. भाचा यंदाच पुण्याला इंजिनिअरिंगला गेलाय, त्यामुळे सध्या त्याला गावातली प्रत्येक गोष्ट थोडी लहान दिसते. (आपलंही तसंच झालं होतं, त्यामुळे मी काही बोलत नाही.) चायनीजच्या गाड्यावर भट्टीचा तो ओळखीचा घर्र आवाज चालू होता, कढईवर पळी आपटत होती, लसणाचा खमंग वास रस्ताभर पसरला होता. मी म्हटलं, "खायचं का?" तर साहेब म्हणाले, "आत्या, हे काही खरं चायनीज नाहीये. चीनमध्ये मंचुरियन नावाचा पदार्थच नसतो!"

आता हे वाक्य मी वर्षातून चार वेळा तरी ऐकते. कधी एखादा परदेशी जाऊन आलेला मित्र म्हणतो, कधी ऑफिसातलं कुणीतरी. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी आपणच हा शोध लावल्याचा आनंद असतो.

तर भाचा म्हणतो ते खरं आहे. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा भाग, आणि तिथे कोबीच्या गोळ्यांना कुणी मंचुरियन म्हणत नाही. हा पदार्थ जन्मला आपल्या मुंबईत. नेल्सन वाँग हे कलकत्त्यात वाढलेले चिनी वंशाचे आचारी. १९७५ साली ते मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी की एका गिऱ्हाइकाने मेन्यूत नसलेलं काहीतरी वेगळं मागितलं. वाँग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपल्याकडची नेहमीची सुरुवात केली, पण पुढे गरम मसाला घालायच्या ऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवर लावून रस दाट केला. त्यात तळलेलं चिकन. झालं मंचुरियन! पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुंबईत 'चायना गार्डन' काढलं आणि नाव कमावलं. चिकनच्या जागी कोबी-फ्लॉवर येऊन हा पदार्थ आमच्या तालुक्यापर्यंत कसा पोचला, ते कढई हाती धरलेल्या हजारो पोरांचं काम आहे. त्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात.

पण "खरं नाही" याचा अर्थ काय? मागच्या वर्षी आईला पुण्यातल्या एका एशियन रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेलो होतो. भाचाही होता. त्याने मोठ्या कौतुकाने रामेन मागवलं. आता गंमत बघा, रामेन हे जपानमध्ये चीनमधून आलेल्या नूडल्सवरून तयार झालं. जपानी लोक स्वतःच त्याला कित्येक वर्षं 'चिनी सोबा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत होते. म्हणजे ते जपान्यांचं 'आपलं चायनीज'च की! तिथे ते चालतं, पुण्यात त्याला भरपूर पैसे मोजले तरी चालतं, फक्त अहमदपूरच्या गाड्यावर आलं की ते खोटं. असं का बरं?

आईने त्या दिवशी खाव स्वे मागवलं, म्हणजे आम्हीच मागवलं. हा मूळचा ब्रह्मदेशचा प्रकार. नारळाच्या दुधातल्या रश्श्यात नूडल्स, आणि शेजारी छोट्या छोट्या वाट्यांत तळलेला कांदा, लसूण, दाण्याचा कूट, लिंबू, मिरची, आपल्याला हवं तसं घालून घ्यायचं. आईने दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही मिसळच झाली की." मग लिंबू पिळलं आणि सगळं संपवलं. सुशीकडे मात्र तिने शेवटपर्यंत संशयाने पाहिलं. (गार भात शिळाच असतो, या मतावर ती ठाम आहे.) उठताना हळूच मला विचारलं, "इथं मंचुरियन मिळत नाही का गं?"

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगात सोयाबीनचं सगळ्यात मोठं कोठार कुठलं होतं? मंचुरिया. जहाजंच्या जहाजं भरून सोयाबीन तिथून बाहेर जायचं. आणि आज आमच्या लातूर जिल्ह्यात खरिपात नजर जाईल तिथवर काय उभं असतं? सोयाबीनच. दिवाळीला गेलं की घराघरांत एकच चर्चा, भाव काय निघाला. पण आमच्याकडे सोयाबीन पिकतं, विकतं, खात मात्र फारसं कुणी नाही. तेल सोडलं तर आमच्या ताटात ते येतं ते या गाड्यावरच्या काळ्या बाटलीतून. (त्या बाटलीत सोयाबीन किती आणि कॅरमलचा रंग किती, हे विचारू नये.) नेल्सन वाँग यांच्या डोक्यात सोयाबीनचा हिशोब नसणार, पण मंचुरियन हे नाव अहमदपुरात तरी अगदीच निराधार नाही!

असो. हे सगळं मी भाच्याला ऐकवलं, पण मला मंचुरियनची बाजू घ्यावीशी वाटते ती या कारणांसाठी नाहीच. खरं कारण वेगळं आहे आणि ते रस्त्यात उभं राहून सांगता येत नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. घरचे वाचतील. वाचू देत.

२००२ साल. मी बारावीला होते. तेव्हा गावात बाहेर खाणं म्हणजे काय? चहा-भज्याची हॉटेलं, तिथे पुरुष बसलेले. हमरस्त्यावरचे ढाबे, तिथे तर मुलींनी जायचा प्रश्नच नव्हता. उन्हाळ्यात रसवंती, ती तेवढी चालायची. आणि मग चायनीजचा पहिला गाडा लागला, लाल अक्षरांचा, त्यावर एक ड्रॅगन काढलेला. तो बराचसा आमच्याकडच्या घोरपडीसारखा दिसायचा. गाडा चालवणारा मुलगा पुण्यात कुठल्याशा गाड्यावर काही वर्षं काम करून परत आलेला.

माझी एक मैत्रीण होती. म्हणजे आहे, तीही हे वाचते म्हणून नाव लिहीत नाही. पाचवीपासून एका बाकावर बसायचो. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती माझ्याकडे यायची, पण ओसरीपर्यंत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत ती कधी आली नाही, आणि मी तिच्या घरी कधी पाणी प्यायले नाही. आम्हाला कुणी तसं सांगितलं होतं असंही नाही. काही गोष्टी न सांगता कळतात, आणि कळतात याचीच आज जास्त लाज वाटते.

शिकवणी सुटल्यावर एकदा आम्ही दोघी त्या गाड्यावर थांबलो. पैसे दोघींचे मिळून हाफ प्लेटपुरते. गाडेवाल्याने एकच प्लेट दिली आणि त्यात दोन टूथपिक खोचून दिल्या. वर बारीक चिरलेला कच्चा कोबी आणि कांद्याची पात. तोंड भाजत, नाक गळत, आम्ही ते गोळे एकाच प्लेटमधून संपवले. राहिलेल्या लाल चटणीत दोघींनी बोटं बुडवली. सात वर्षांत आम्ही पहिल्यांदा एका ताटात जेवलो होतो, आणि ते लक्षातही आलं नाही.

घरी लक्षात आलं. कुणीतरी पाहिलं होतं आणि आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. आईची काळजी वेगळी होती, आमचं घर शाकाहारी आणि त्या कढईत अंडा राइस पण होतो का, हे तिला हवं होतं. आजीने मात्र एकच विचारलं, "कुणाच्या हातचं खाल्लीस?"

काय खाल्लंस नाही, कुठे खाल्लंस नाही. कुणाच्या हातचं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं! भज्याचं हॉटेल कुणाचं, खानावळ कुणाची, पेढे कुणाकडचे, हे गावात सगळ्यांना पाठ असायचं. आमच्याकडे येसर आमटीचा मसालाही घराघरात वेगळा असतो, वेळ अमावस्येच्या भज्जीवरून घर ओळखता येतं, "आमच्यात असं करतात, त्यांच्यात तसं." आमच्या भागात हॉटेलात काही लोकांसाठी वेगळी कपबशी असायची, हे बाबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. पण मंचुरियन? ते "आमच्यात" कसं करतात आणि "त्यांच्यात" कसं? कुणाच्याच आजीने ते कधी केलं नव्हतं. त्याला सोवळं नव्हतं, सण नव्हता, नैवेद्य नव्हता. ते कुणाचंच नव्हतं म्हणून सगळ्यांचं होऊ शकलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते 'खरं' नव्हतं, हीच त्याची सगळ्यात चांगली गोष्ट होती.

तुम्ही म्हणाल, फार होतंय, चायनीजच्या गाड्यावरून कुठे जात जाते का! नाही जात. माझी मैत्रीण त्यानंतरही ओसरीवरच थांबायची. आणि ज्यांच्या हातून ही चव इथे आली त्यांचं काय झालं, तेही आपण सोयीने विसरतो. १९६२च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंगकडच्या तीन हजारांच्या आसपास चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. कित्येक जण सुटल्यावर देश सोडून गेले. तेव्हा गाड्याने क्रांती केली असं मी म्हणत नाहीये. पण एक प्लेट, दोन टूथपिक, एवढी जागा त्याने करून दिली. ती त्या गावात दुसऱ्या कुणीही दिली नव्हती.

तब्येतीचा मुद्दा मला मान्य आहे. तो लाल रंग, तेच ते तेल, सगळं डोळ्यांनी दिसतं. २०२४च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंचुरियनचे स्टॉलच नकोत म्हणून सांगितलं. त्याच मार्चमध्ये कर्नाटक सरकारने मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. मला कर्नाटकाचं पटतं, म्हापशाचं नाही. रंग वाईट असेल तर रंग काढा ना. पदार्थालाच जत्रेतून हाकलायचं म्हणजे काय? आपल्या जिलेबीचा रंग काय निसर्गातून येतो?

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या वेळी गावात फिरताना मोजलं, चायनीजचे गाडे आता बरेच झालेत, आणि बहुतेकांवर गाडीच्या नावाच्या वर दुसरी पाटी आहे. 'शुद्ध शाकाहारी', 'हलाल', कुणाचा देव, कुणाचा झेंडा, कुणाचा नेता. पाटी वाचून लोक गाडा निवडतात. शाकाहारी माणसाला कढई वेगळी हवी, हे मी समजू शकते, आईचीच मुलगी आहे. पण वहिनी सहज म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्याकडे नाही जात आपण," आणि मी कारण विचारलं तेव्हा ती कढईबद्दल काहीच बोलली नाही. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, तिचा प्रश्न मात्र चांगला धडधाकट आहे.

हे भाच्याला मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "चीनचं जाऊ दे, हे अहमदपूरचं आहे, खाऊन बघ." कुठल्या गाड्यावर जायचं ते मी ठरवलं. कोपऱ्यावरच्या. हाफ प्लेटचे आता साठ रुपये झालेत. भाच्याने पहिला गोळा नाक मुरडून खाल्ला, मग चटणी मागून घेतली, मग "आत्या, फुल सांगू का?" आमचं चाललं होतं तेवढ्यात घरून फोन आला. आई होती. कुठे आहात, जेवायला येताय का वगैरे झाल्यावर मी सांगून टाकलं की आम्ही मंचुरियन खातोय, आणि कुठे तेही सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "कढई धुऊन करायला सांग त्याला. आणि माझं पार्सल आण, चटणी जास्त घाल म्हणावं."