एक्स्प्लेनर : उन्हाळ्यात उजनीकाठी गाडीने जाताय? आधी पाणी कुठे सरकलंय ते समजून घ्या

एप्रिल-मे आला की उजनीच्या बातम्या ठरलेल्या असतात. धरण 'मायनस'मध्ये गेलं, पळसदेवचं पाण्याखालचं मंदिर उघडं पडलं. मग सुट्टीच्या दिवशी पुणे-सोलापूर महामार्गावरून गाड्या जलाशयाकडे वळू लागतात. पुण्याहून भिगवण साधारण १०० किलोमीटर. सोलापूरहून भीमानगरही जवळपास तेवढंच. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात निघणारे लोक वाटेत मदत मिळणार नाही हे धरूनच पाणी, इंधन आणि जादा चाक सोबत घेतात. आपल्याकडे दर काही किलोमीटरवर गाव आहे, म्हणून कुणी तयारी करत नाही. उजनीकाठच्या सहलीत खरी जोखीम मात्र तीन गोष्टींची आहे : मागे सरकलेला काठ, दुपारचं ऊन आणि संध्याकाळचं वादळ.

धरण 'मायनस'मध्ये म्हणजे नेमकं काय?

उजनीची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातलं ५३.५७ टीएमसी पाणी उपयुक्त साठा, तर ६३.६६ टीएमसी मृतसाठा. बातमीतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. हा साठा संपला की आकडा शून्यावर येतो आणि मृतसाठा वापरायला लागला की मायनस सुरू होतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा मायनस ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता. म्हणजे मृतसाठ्यातलंही सुमारे ३२ टीएमसी पाणी संपलं होतं आणि धरणात जेमतेम तेवढंच उरलं होतं.

मग प्रवाशाला त्याचं काय?

जलाशय पसरट आहे. पातळी थोडी उतरली तरी पाणी बरंच मागे जातं. मोबाइलच्या नकाशावर जिथे निळा रंग दिसतो, तिथे मे महिन्यात कोरडी जमीन असू शकते. नकाशा हे सांगत नाही.

ही उघडी पडलेली जमीन म्हणजे गाळ. वरून ती भेगाळलेली, टणक दिसते. खाली ओल असते. माणूस चालत जातो तिथे दीड टनाची गाडी रुतते आणि मग ट्रॅक्टर शोधावा लागतो. शिवाय ही जमीन मोकळं मैदान नसते. अनेक ठिकाणी शेतकरी तिथे गाळपेर करतात. पाणी मागे सरकेल तसे ते मोटारी, पाइप आणि विजेच्या केबल पुढे नेत राहतात. केबलवरून चाक गेलं तर जिवाला धोका आणि शेतकऱ्याचं नुकसान, दोन्ही. म्हणून गाडी रुळलेल्या रस्त्यावरच थांबवावी. पुढची वाट गावात विचारून पायी जावं.

उन्हाचा फटका कधी बसतो?

सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणं नेहमीचं आहे. उघड्या गाळावर झाड नाही, सावली नाही. पक्षी पाहायचे तर सकाळीच पोहोचावं आणि ११ पर्यंत सावलीत यावं. माणशी किमान तीन-चार लिटर पाणी गाडीत असू द्यावं. जलाशय समोर दिसतो, पण ते पाणी तसंच प्यायचं नसतं. उभ्या गाडीत लहान मुलाला पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवू नये. बंद काचांच्या आत तापमान झपाट्याने वाढतं.

टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. दाराजवळच्या स्टिकरवर कंपनीने दिलेला आकडाच पाळावा. उन्हात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवणं उलट अंगाशी येतं. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्यामुळे जास्त तापतो आणि फुटण्याची शक्यता वाढते.

होडीने पलीकडे जावं का?

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. दोन लहान मुलांसह सहा जणांचा मृत्यू झाला. एकजण पोहून काठावर आला.

होडीतले लोक सहलीला निघालेले नव्हते. करमाळ्याकडच्या गावांसाठी होडी म्हणजे एसटीसारखंच रोजचं साधन आहे. पलीकडचा काठ समोर दिसतो, पण रस्त्याने तिथे जायला धरणाचा मोठा वळसा पडतो. म्हणूनच शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी वर्षानुवर्षं होत आली आणि पुढे त्याला मंजुरी मिळाली.

उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, बाष्प मिळालं की दुपारनंतर ढग उभे राहतात. त्या ढगांतून खाली येणारा थंड वारा काही मिनिटांत जोर धरतो. मोकळ्या, रुंद पाण्यावर त्याला अडवायला काही नसतं, त्यामुळे लाटा वाढतात. भरलेल्या होडीचा काठ पाण्यापासून आधीच जेमतेम उंच असतो. तेव्हा पर्यटकाने होडी सकाळीच घ्यावी. लाइफ जॅकेट नसेल किंवा माणसं जास्त असतील, तर बसू नये. दुपारनंतर होडीचा बेतच ठेवू नये. घाई असेल तरी वळसा परवडतो.

निघण्यापूर्वी काय पाहायचं?

हवामान विभागाचा त्या दिवसाचा जिल्ह्याचा इशारा पाहावा. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप आहे. आकाश भरून आलं तर पाणी आणि उघडा गाळ सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत यावं. झाडाखाली थांबू नये.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर कुठल्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२. आतल्या रस्त्यावर गाडी अडकली तर भर उन्हात चालत निघू नये. गाडीच्या सावलीत थांबून फोन करावा. आपण कोणत्या गावाच्या बाजूने पाण्याकडे उतरणार आहोत, हे घरी आधीच सांगून ठेवावं. एकाच जलाशयाला सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर असे तीन जिल्हे लागतात. नुसतं 'उजनीवर आहोत' एवढ्यावर मदत करणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही.