संत्र्याचें आरोग्य व परदेशची पेठ

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, संग्रामपूर व जळगांव जामोद या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. त्यांवर बागवानांबरोबरच आडते, हमाल, तोडणीचे मजूर व मालमोटारींचे धनी या सर्वांचा निर्वाह चालतो. विदर्भाच्या संत्र्याचें परदेशांतील मोठें गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्या देशानें २०१९ सालीं किलोमागें सुमारें २० रुपये असलेली आयात-जकात वाढवीत वाढवीत २०२३ सालीं ८८ रुपयांवर नेली, आणि एकाच गिऱ्हाइकाच्या भरंवशावर चाललेला व्यापार किती ठिसूळ असतो तें सर्वांस कळून चुकलें. तेव्हांपासून सभांतून एकच उपदेश ऐकूं येतो कीं, संत्रें युरोपांत पाठवा. उपदेश चांगला आहे. परंतु त्या पेठेच्या वेशींत शिरण्यापूर्वीं कोणता दाखला दाखवावा लागतो, व तो मिळविण्याची आमच्या जिल्ह्याची कितपत तयारी आहे, हें उपदेशक सांगत नाहींत.

हा दाखला वनस्पतींच्या आरोग्याचा होय. युरोपीय संघानें १४ डिसेंबर २०१९ पासून असा नियम अमलांत आणला कीं, बाहेरून येणाऱ्या बहुतेक प्रत्येक ताज्या फळाबरोबर, हा माल कीड व रोग यांपासून मुक्त आहे, असा त्या त्या देशाच्या सरकारचा दाखला असलाच पाहिजे. अननस, नारळ, केळें, खजूर व पूर्वेकडील दुरियन एवढ्या पांचांसच काय ती सूट आहे. संत्र्यावर तर अधिक बंधनें आहेत. फळास देंठ व पान राहतां कामा नये. (आमच्या बाजारांत पानासह संत्रें हें ताजेपणाचें चिन्ह म्हणून टोपलींत वर मांडतात!) पेटीवर मूळ देशाची खूण असली पाहिजे. शिवाय खैऱ्यासारख्या रोगांच्या बाबतींत अधिकाऱ्यास बागेचाच हवाला द्यावा लागतो. ज्या देशांत खैऱ्या आहे तेथील बागवानास मोकळी असलेली एक वाट अशी कीं, त्या हंगामाच्या पालवीपासून फळाच्या बागेंत, व तिच्या लगतच्या परिसरांतहि, रोगाचें लक्षण दिसलेलें नसावें. या लगतच्या परिसराकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. संत्र्याचें झाड खैऱ्यास सहसा दाद देत नाहीं, पण कागदी लिंबास तो हटकून जडतो. बांधापलीकडे शेजाऱ्याचीं चार लिंबें खैऱ्यानें भरलेलीं असलीं, तर आपली बाग कितीहि निर्मळ असो, हवाला देतांना अधिकाऱ्याची लेखणी अडखळणारच.

हें सारें आमचा माल अडविण्याचें गोऱ्या लोकांचें ढोंग आहे, असें बोलणारे बाजारांत पुष्कळ भेटतात. त्यांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. आरोग्याचें नांव पुढें करून स्वदेशी बागवानांस पाठीशीं घालण्याचा मोह सर्वच सरकारांस होतो. म्हणूनच असल्या नियमांस शास्त्रीय आधार असला पाहिजे, असें बंधन १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारानें घातलें आहे. आधार नसेल तेथें आमच्या सरकारनें अवश्य भांडावें. परंतु भीतीचें मूळ खरें आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या बारीक किड्यानें फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड केले, तेव्हां १८७८ सालीं बर्न येथें राष्ट्रांना एकत्र बसून करार करावा लागला. १९२९ सालीं फ्लॉरिडांत भूमध्य समुद्राकडील फळमाशी आढळली. तिच्या निःपातासाठीं तेथें फळांचे ढीगच्या ढीग नष्ट करण्यांत आले. आणि इतकें दूर तरी कशाला जावें? २०१८ सालीं कर्नाटकांत प्रथम दिसलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षीं महाराष्ट्रांत शिरली व मक्याच्या पोंग्यांत ठाण मांडून बसली. आमच्या मका पेरणाऱ्या शेतकऱ्यांस तिची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागत नाहीं. आमच्या देशांतहि असा कायदा १९१४ पासून आहे, आणि बाहेरून येणाऱ्या मालास आम्हीहि दाखला मागतोंच.

दुर्लक्षाची किंमत किती पडते तें कोंकणच्या हापुसास विचारावें. २०१३ सालीं भारतांतून युरोपांत गेलेल्या फळभाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी वगैरे कीड सांपडली. १ मे २०१४ पासून आंबा व चार भाज्या यांस तेथील दारें बंद झालीं. ज्या बागाइतदाराच्या फळांत एकहि अळी नव्हती त्यालाहि ही शिक्षा भोगावी लागली. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या आरंभीं आंब्यावरील बंदी उठली. अमेरिकेनें तर सुमारें अठरा वर्षें आमचा आंबा घेतलाच नव्हता. लासलगांवच्या केंद्रांत किरणांची प्रक्रिया होऊं लागल्यावर २००७ सालीं तो तेथें जाऊं लागला. त्याच अमेरिकेनें मे २०२५ मध्यें, मुंबईकडे प्रक्रिया झालेल्या सुमारें पंधरा खेपा कागदपत्रांतील दोषासाठीं नाकारल्या, व तो आंबा तेथेंच नष्ट करावा लागला. फळाविषयीं तक्रार नव्हती. कागद खोटा ठरला, एवढें पुरें झालें.

आतां आमच्या बागांकडे वळूं. येथें बहार झाडावरच उक्ता विकण्याची चाल आहे. सौदा होऊन बयाणा मिळाला कीं बागवानाचें मन बागेंतून निघतें. व्यापाऱ्यास पुढील वर्षीं तीच बाग घ्यावयाची नसल्यामुळें त्याचें मन तींत कधीं शिरतच नाहीं. मग गळलेलें फळ उचलावयाचें कोणीं? फळमाशी पिकूं लागलेल्या फळाच्या सालीखालीं अंडीं घालते. अळी गरावर वाढते. फळ गळलें म्हणजे ती मातींत शिरून कोश करते, आणि त्यांतून नवी माशी उडते. झाडाखालीं सडणारा ढीग हा तिच्या पुढील पिढीचा पाळणाच होय. याला महागडें औषध लागत नाहीं. घमेलें व कुदळ पुरते. गळलेलीं फळें वरचेवर वेंचून खोल पुरावीं आणि नरमाशीला भुलविणारे मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगावे. मात्र हें सबंध शिवारांत एकाच वेळीं झालें पाहिजे, कारण माशी बांध ओळखीत नाहीं. डिंक्याची गोष्टहि अशीच. त्याची बुरशी बहुधा रोपवाटिकेच्या मातींतून कलमाबरोबरच नव्या बागेंत येते, आणि कलमामागें चार रुपये वांचविणारा बागवान तिला स्वखर्चानें घरीं आणतो.

खामगांवच्या पेठेस असला अनुभव नवा नाहीं. कापूस विलायतेस जाऊं लागला तेव्हां त्यांत माती, सरकी व पाणी घालणाऱ्यांमुळें सगळ्याच मालाची पत गेली. मुंबई इलाख्यांत १८६३ सालीं भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला, व १८९७ सालीं वऱ्हाडच्या बाजारांसाठींहि स्वतंत्र कायदा झाला. तेव्हां शिस्त वरून लादली गेली. संत्र्याच्या बाबतींत व्यापाऱ्यांनीं ती आपण होऊन लावून घेण्यास अद्याप अवकाश आहे. नाशिककडील द्राक्षबागाइतदारांनीं २००३-०४ पासून प्रत्येक मळ्याची नोंद ठेवण्याचा परिपाठ पाडला. त्यांचा प्रश्न मुख्यतः औषधांच्या अंशाचा होता, पण कोणती पेटी कोणत्या मळ्यांतली हें सांगतां येणें दोन्हीकडे सारखेंच अवश्य आहे. कृषिखात्यानेंहि बंदरावर भिंग घेऊन बसण्यापेक्षां आपलीं माणसें मोहोरापासून तोडणीपर्यंत बागेंत पाठवावीं. पेटी बंद झाल्यावर दिलेल्या दाखल्यावर परका तपासनीस विश्वास ठेवीत नाहीं, आणि तो कां ठेवावा?

आंबिया बहाराचे सौदे फळ उतरण्याच्या पुष्कळ आधीं ठरतात. गळलेलें फळ कोणीं वेंचावें, सापळ्यांचा खर्च कोणीं सोसावा, व बांधावरच्या रोगट लिंबांचा बंदोबस्त कोणीं करावा, हीं तीन कलमें सौद्याच्या चिठ्ठींत यंदाच घालतां येतील. त्यासाठीं कोणत्याहि सरकारी हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं.