हात न लावण्याचं धोरण

परवा कॅन्टीनमध्ये एक मित्र लॉर्ड सॉल्झबरीवर फिदा होऊन बोलत होता. तीनदा ब्रिटनचा पंतप्रधान, मिळून तेरा वर्षांहून जास्त सत्ता, आणि धोरण काय, तर शक्यतो कशाला हात लावायचा नाही! "चालत्या सिस्टीमला हात लावू नये हे त्याला आपल्याआधी कळलं होतं," इति मित्र. चहा संपला, वाद संपला नाही. म्हणून हा शनिवार त्यात घालवतोय.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊन टाकतो. रॉबर्ट सेसिल, जन्म १८३०, हॅटफील्डचं बडं घराणं. पण हा धाकटा मुलगा. बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं आणि पैशासाठी नियतकालिकांत लेख लिहून संसार चालवला. थोरला भाऊ १८६५ मध्ये वारला तेव्हा हा वारस झाला. माणूस हुशार होता, मेहनती होता, मान्य.

पण सिस्टीम चालत होती ती कुणासाठी?

जुलै १८६६ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो भारतमंत्री झाला. ओरिसात दुष्काळ होता आणि धोक्याचे इशारे येत होते. अधिकारी म्हणाले काळजी नको, ह्याने विश्वास ठेवला आणि दोन महिने काही केलं नाही. तोवर पावसाळ्याने बंदरं बंद झाली, धान्य पोचवणं अशक्य झालं. सुमारे दहा लाख माणसं गेली. ह्याची टोचणी त्याला पुढे कायम राहिली आणि त्याने ती कबूलही केली. म्हणजे काही न करणं हीसुद्धा एक कृतीच असते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आता गंमत बघा. १८६९ च्या आयसीएस परीक्षेत चार भारतीय पास झाले, त्यात आपल्या मुंबई इलाख्याचा श्रीपाद बाबाजी ठाकूरही होता. पुन्हा भारतमंत्री झालेल्या सॉल्झबरीने १८७६ मध्ये ह्या परीक्षेची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली. परीक्षा लंडनमध्ये, इंग्रजीत. इथल्या पोराने कधी शिकायचं आणि कधी बोटीत बसायचं? मग इथे कसा हात लागला हो? दार किलकिलं झालं की 'हात न लावणाऱ्यां'चे हात बरोबर चालतात.

१८८८ मध्ये, पंतप्रधान असताना, एडिंबरोच्या भाषणात तो म्हणाला की ब्रिटिश मतदारसंघ अजून 'काळ्या माणसाला' निवडून देणार नाही. रोख दादाभाई नौरोजींवर होता. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीने दादाभाईंना पाच मतांनी निवडून दिलं आणि त्याच निवडणुकीनंतर सॉल्झबरीची सत्ता गेली. १८९५ मध्ये तो परत आला, दादाभाई हरले. आणि १९०२ मध्ये खुर्ची सोडली तेव्हा तिच्यावर कोण बसलं? सख्खा भाचा, बाल्फोर!

एवढं तावातावाने का लिहितोय? कारण मागे आमच्या टीममधल्या एका नवख्या मुलीने एक धोका दाखवला होता आणि मी 'चालतंय ना, पुढच्या रिलीजला बघू' म्हणून तो बाजूला सारला. पुढे तिने सलग तीन रात्री जागून ते निस्तरलं. मी घरी झोपलो होतो.

'हात लावू नका' म्हणणारा बहुतेक वेळा कुठे बसलेला असतो, तेवढं फक्त बघत जा.