खेळाडूच्या घरातील दुसरे ताट

गेल्या दिवाळीनंतर एक आजी आपल्या चौदा वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगी शाळेच्या खो-खो संघात खेळते. सरावात दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून आजींनी तिला एसटीने परंड्याला आणले होते. नातीची नाडी पाहत असताना माझे लक्ष शेजारी बसलेल्या आजींच्या हाताकडे गेले. नखे पांढरीफटक होती. दोघींचेही रक्त तपासले. नातीचे हिमोग्लोबिन साडेदहा निघाले आणि आजींचे साडेआठ.

"आजी, तुम्ही दिवसभरात काय जेवता?" मी विचारले.

"पोरीला ग्राउंडवर पळायचं असतंय, डॉक्टरसाहेब. तिला द्यावं लागतंय. मला काय, अर्धी भाकर अन् चहा पुरे."

हे उत्तर ऐकून मला आपल्याच जिल्ह्यातील एका थोर खेळाडूची आठवण झाली. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा सन्मान २२ वर्षांनंतर आला होता. त्या वेळी त्यांनी वृत्तपत्रांना जे सांगितले, ते मी विसरू शकलेलो नाही. जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवण मिळत असे. घर आजी-आजोबांच्या कमाईवर चाले, आई शिवणकाम करी. पोटभर आणि चांगले अन्न मिळे ते खेळाच्या शिबिरात.

याच कहाणीत आणखी एक प्रसंग आहे. २०१६ मध्येच पैशाच्या विवंचनेने खचून त्यांनी खेळ सोडण्याचे ठरवले आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतले. ही गोष्ट त्यांच्या आजींनी प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांच्या कानी घातली. त्यांनी समजूत काढल्यावर सारिका पुन्हा मैदानावर आल्या. पुढे क्रीडा अधिकारी म्हणून तुळजापुरात त्यांना शासकीय नोकरीही मिळाली. पदकांच्या यादीत आजींचे नाव कुठेही नाही. परंतु त्या दिवशी बंद दाराकडे त्यांनी दुर्लक्ष केले असते, तर ही कारकीर्द तिथेच थांबली असती.

आज आपल्या भागात खो-खो खेळणाऱ्या मुलींना मोठी स्वप्ने पडू लागली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. आपल्या घरातही अशी एखादी नात असेल. आई-वडील शेतात किंवा कामावर असतात, प्रशिक्षकाला ती दिवसातून दोन तास दिसते. उरलेला वेळ ती ज्येष्ठांच्या नजरेसमोर असते. म्हणून आजी-आजोबांनी पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दम. खो-खोत पाटीवर उकिडवे बसलेल्या खेळाडूला खो मिळताच क्षणात झेपावावे लागते, खांबाजवळ वळावे लागते, सूर मारावा लागतो. स्नायूंना प्राणवायू पोहोचवण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते. बारा वर्षांवरील मुलींत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये तो आढळला. पूर्वी सहज धावणारी मुलगी लवकर धापा टाकू लागली, तर तिला आळशी ठरवण्याआधी रक्त तपासावे. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक निळी गोळी आणि जंताची गोळी ती घेते की दप्तरात टाकते, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट मासिक पाळीची. मेहनत भरपूर आणि अन्न अपुरे, असे दीर्घकाळ चालले की शरीर काटकसर करू लागते आणि पाळी थांबते. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर "खेळामुळे होतं तसं" असे म्हणून सोडून देऊ नये. अशा मुलींची हाडे ठिसूळ होतात आणि साध्या सरावातही हाडाला तडा जाऊ शकतो. या विषयावर आईपेक्षा आजीशी बोलणे अनेक मुलींना सोपे वाटते.

तिसरी गोष्ट बंद दाराची. दोन आठवड्यांहून अधिक काळ मुलगी उदास राहिली, जेवण-झोप बिघडली, आवडता खेळ नकोसा झाला, तर उपदेश करू नये. जवळ बसावे, ऐकून घ्यावे आणि ज्याचे ती ऐकते त्या माणसाला बोलवावे. सारिका यांच्या आजींनी नेमके हेच केले. मरणाची भाषा बोलली तर तिला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

आता दुसऱ्या ताटाकडे वळतो. नातवंडासाठी आपला घास बाजूला काढणे हा आपल्याकडे संस्कार मानला जातो. त्यामागील माया मी जाणतो; पण डॉक्टर म्हणून तो संस्कार मला मान्य करता येत नाही. उतारवयात स्नायू आपोआप झिजतात, त्यामुळे त्या वयात प्रथिने कमी नव्हे, उलट थोडी अधिकच लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे एक ग्रॅम, म्हणजे ४५ किलो वजनाच्या आजींना किमान ४५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यांत ७ आणि पेलाभर दुधात ६ ते ७. चहा-भाकरीवर हा हिशेब जुळत नाही. दात नसतील तर मऊ वरण, हुलग्याचे माडगे, मटकीच्या उसळीचा घट्ट रस, शेंगदाण्याचा कूट घातलेली पातळ भाजी चालेल. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. जेवणाला लागूनच चहा घेतला की अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे आणि भाजीवर लिंबू पिळावे.

वृद्धापकाळी रक्त कमी होण्याला केवळ आहार कारण असतो असेही समजू नये. या आजींना मी आणखी एक प्रश्न विचारला, "शौचाला डांबरासारखी काळी होते का?" होत होती. गुडघेदुखीसाठी त्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षभर उपाशीपोटी घेत होत्या. जठरातून थोडेथोडे रक्त जात होते आणि घरात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. दुर्बिणीच्या तपासणीत व्रण सापडला. त्या गोळ्या बंद केल्या आणि व्रणावर उपचार सुरू झाले. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यांच्या उशाखालच्या गोळ्या एकदा पाहून घ्याव्यात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे.

दोघींनाही लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सोबत एक अट घातली. रात्रीचे जेवण दोघींनी एकाच वेळी, समोरासमोर बसून घ्यायचे. नातीने आजीच्या ताटात पाहायचे, आजीने नातीच्या.

संक्रांतीनंतर दोघी पुन्हा आल्या. नातीचे हिमोग्लोबिन बाराच्या जवळ आले होते, आजींचे दहाच्या पुढे गेले होते. आजी तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "आता ही मला ताट पुसल्याबिगर उठू देत न्हाई."

मी नातीकडे पाहिले. ती खाली मान घालून हसत होती. तिला जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायचे होते आणि सोबत आजीला न्यायचे होते.