दही खावे, पण गोळी सोडू नये

ताणाचा पहिला फटका पोटाला बसतो, हे परीक्षेच्या सकाळी कुणालाही कळते. पण पोटातूनही मनावर परिणाम होतो का?

२०११ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूचा एक विशिष्ट प्रकार उंदरांना खाऊ घातला. ताण आल्यावर त्यांच्या शरीरात ताणाचे संप्रेरक कमी वाढले. पाण्यात सोडल्यावर ते इतर उंदरांपेक्षा जास्त वेळ हातपाय मारत राहिले. आतड्याला मेंदूशी जोडणारा व्हेगस मज्जातंतू कापलेल्या उंदरांत मात्र हा फायदा दिसला नाही. जिवाणूंचा निरोप मेंदूपर्यंत याच वाटेने पोहोचत असावा.

कॉर्कमध्येच पुढे हा जिवाणू २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला गेला. २०१७ मध्ये निष्कर्ष आला : ताण, चिंता, झोप, कशातही तो बिनऔषधी कॅप्सूलपेक्षा सरस ठरला नाही.

नैराश्याच्या रुग्णांवरील काही लहान चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे, पण तो प्रामुख्याने चालू औषधांना प्रोबायोटिकची जोड दिल्यावर. म्हणून ‘मूड सुधारणारी’ महागडी कॅप्सूल उपचार म्हणून विकणे घाईचे आहे. घरचे दही पौष्टिक खरे, पण प्रत्येक विरजणातले जिवाणू वेगळे; त्याला औषधाचा डोस म्हणता येत नाही.

खरा धोका कॅप्सूलच्या भरवशावर गोळ्या परस्पर बंद करण्यात आहे. त्याने नैराश्य उलटू शकते. प्रोबायोटिक घ्यायचेच असेल, तर डॉक्टरांना विचारून, गोळ्यांसोबत घ्यावे.