फोटो दहाच दाखवा, पण गोष्टीसह



सुट्ट्या संपल्या की तुमच्याही मोबाइलवर सहलींच्या फोटोंचा पाऊस पडत असेल. कुणी काश्मीरला गेलेलं असतं, कुणी दुबईला, कुणाची मुलं युरोपात फिरत असतात. आपण भराभर फोटो वर सरकवतो, एक अंगठा टाकतो, 'मस्त!' लिहितो आणि विसरतो. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, तर त्यातला एकही फोटो नीट आठवत नाही. हा दोष फोटोंचा नाही. त्यांच्यासोबत यायला हवी होती ती गोष्ट आलेलीच नसते.

यंदा माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आइसलँडहून 212 फोटो पाठवले. तो आणि त्याची पत्नी भाड्याची गाडी घेऊन देशाला वळसा घालणाऱ्या मुख्य रस्त्याने फिरले होते. फोटो खरंच देखणे होते. आठवीच्या वर्गात मी ते मोठ्या पडद्यावर लावले. पहिल्या पाचदहा फोटोंना मुलांनी 'आईशप्पथ!' म्हटलं. पंचविसाव्या फोटोपर्यंत मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, हे सगळं बघून आपण काय करायचं? आपल्याला थोडंच जायला मिळणार आहे?"

हा प्रश्न मला लागला. त्या मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. ज्याच्या घरातलं कुणी जिल्ह्याबाहेरही फारसं गेलेलं नाही, त्याच्यापुढे आपण नुसते धबधबे आणि बर्फ मांडत गेलो, तर त्याच्या हाती 'ते गेले, आपण नाही' एवढंच लागतं. मी त्या माजी विद्यार्थ्याला फोन केला आणि म्हटलं, "अरे, दहाच फोटो निवड. प्रत्येकाखाली तीन ओळी लिही. एक, हे कुठे आणि केव्हा. दोन, फोटोत न दिसणारी एक गोष्ट. तीन, तिथला एक नियम." तो हसला, पण आठवड्याने त्याने खरंच लिहून पाठवलं. आणि तेच फोटो वर्गात वेगळे दिसू लागले.

पहिला फोटो नुसत्या रस्त्याचा. दोन्ही बाजूंना काळी वाळू आणि समोर रिकामा डांबरी पट्टा. खाली लिहिलं होतं : हा रस्ता सुमारे 1,320 किलोमीटरचा आहे. आपल्या समृद्धी महामार्गाने मुंबईहून नागपूरला जाऊन परत आलं, तर याहून थोडं जास्तच अंतर होईल. पण देशाचा हा वळसा पूर्ण झाला तो 1974 मध्ये. त्याआधी दक्षिणेकडच्या या वाळूच्या मैदानातून हिमनदीचे प्रवाह वाहायचे आणि त्यांवर पूल नव्हते. पुढे 1996 मध्ये बर्फाच्या थराखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला. वितळलेलं पाणी आधी साठलं आणि मग एकदम फुटून आलं. त्या पुराने इथल्या पुलांची वाताहत केली. पिळवटलेले लोखंडी गर्डर आजही रस्त्याकडेला ठेवलेले आहेत.

आता मुलं सावरून बसली. बर्फाखाली ज्वालामुखी? मग नकाशा काढला. महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश क्षेत्रफळाचा हा देश, आणि लोकसंख्या चार लाखांच्याही आत. त्यातला वात्नायोकुल हा एकटा हिमाच्छादित प्रदेश जवळजवळ कोल्हापूर जिल्ह्याएवढा! 'रस्त्यावर माणूस का दिसत नाही' याचं उत्तर कुणाला सांगावं लागलं नाही.

दुसरा फोटो रात्री साडेअकराचा, आणि चक्क उजेड. हा फोटो जूनमधला, हे खाली लिहिलं नसतं, तर मुलांनी तो संध्याकाळचाच समजला असता. अक्षांशाचा जो धडा मी दरवर्षी खडू झिजवून शिकवतो, तो त्या एका वेळेने शिकवला.

तिसरा फोटो रेनिसफ्यारा नावाच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याचा. खालची ओळ होती : "इथे समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट आत येते. इथे माणसं वाहून गेली आहेत." आता मला सांगा, ही ओळ नसलेला तोच सुंदर फोटो पाहून उद्या कुणी तिथे गेला आणि लाटेकडे पाठ करून सेल्फी काढायला उभा राहिला, तर? फोटोत वारा दिसत नाही. फोटोत लाटेचा वेग दिसत नाही. गाडीचं दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावं लागतं, नाहीतर वारा ते उलटं फिरवतो, हेही फोटोत दिसत नाही.

इथेच माझा खरा मुद्दा येतो. फोटो निरुपद्रवी नसतो. तो माणसांना बोलावतो. आइसलँडच्या दक्षिण भागात फ्यादरारग्ल्यूवुर नावाची एक घळ आहे. सुमारे शंभर मीटर खोल, दोन किलोमीटर लांब आणि काठावर मऊ हिरवं शेवाळ. 2015 मध्ये गायक जस्टिन बीबरच्या एका गाण्याच्या चित्रफितीत ती दिसली आणि पर्यटकांचा लोंढा सुरू झाला. ओल्या जमिनीवर पायवाट सोडून चालणाऱ्या पावलांनी शेवाळ तुडवलं गेलं, चिखल झाला. शेवटी 2019 मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याला ती घळ काही महिने बंद ठेवावी लागली. तिथल्या थंडीत शेवाळ फार हळू वाढतं. एक पाऊल पडायला एक क्षण लागतो, ती खूण भरून यायला कित्येक वर्षं. म्हणूनच रस्ता सोडून गाडी घालणं हा त्या देशात गुन्हा आहे.

हे काही दूरचंच आहे असं समजू नका. साताऱ्याजवळचं कास पठार आठवा. 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. फुलांचे फोटो हातोहात पसरले आणि मग फुलांमध्ये बसून, आडवं पडून फोटो काढणारेही आले. आज फुलांच्या हंगामात तिथे प्रवेशशुल्क आहे, रोजच्या संख्येवर मर्यादा आहे.

मग कुणी म्हणेल, "सर, फोटो टाकूच नयेत का?" मला हे पटत नाही. ज्यांना जाता येतं त्यांनी दाखवलंच नाही, तर ज्यांना जाता येत नाही त्यांनी पाहायचं तरी कसं? माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांसाठी तो फोटो हीच सहल आहे. म्हणून तर ती नीट घडवायला हवी. आणखी कुणी म्हणेल, "सहल मजेसाठी असते, तिथेही शाळा कशाला?" मान्य. सगळेच फोटो धड्यासाठी नसतात. घरच्यांना पाठवायचे ते खुशाल पाठवा. पण दहा-वीस जणांच्या पलीकडे फोटो जाणार असेल, तर तीन ओळींचं ओझं फार नाही. जागा नाजूक असेल, तर तिचं नेमकं ठिकाण देऊ नका, परिसराचं नाव पुरे.

त्या दहांतला शेवटचा फोटो हिमनदीचा होता. सोलहेमायोकुल तिचं नाव. समोर राखाडी तळं, मागे मळकट बर्फ. मुलांना तो फोटो सगळ्यांत कमी आवडला होता. खाली लिहिलं होतं : "जिथे तळं आहे तिथे पूर्वी बर्फ होता. जवळच्या गावातल्या शाळेची मुलं 2010 पासून दरवर्षी इथे येतात आणि बर्फ किती मागे सरला ते मोजतात." वर्ग गप्प झाला. मग एकीने विचारलं, "सर, ती मुलं आमच्याएवढीच का?" म्हटलं, "हो, साधारण तुमच्याएवढीच." मघाशी 'बघून काय करायचं' म्हणणारा मुलगा म्हणाला, "मग आपण आपल्या विहिरीचं पाणी मोजू या की!" आता शाळेच्या विहिरीची पातळी दर शनिवारी दोरीने मोजून वहीत लिहिली जाते. आइसलँडच्या फोटोने दिलेली ही भेट मला 212 फोटोंहून मोठी वाटते.

पुढच्या आठवड्यात मी मुलांना त्यांच्या कुठल्याही प्रवासाचा एक फोटो आणायला सांगितला, तीन ओळींसह. एका मुलीने एसटीच्या खिडकीतून काढलेला आंबा घाटाचा फोटो आणला. थोडा हललेला, काचेवर पावसाचे थेंब. खाली तिने लिहिलं होतं : "आंबा घाट, ऑगस्ट. मामाकडे जाताना. फोटोत न दिसणारं : आईला गाडी लागली होती, तरी तिने मला खिडकी दिली. नियम : घाटात खिडकीबाहेर हात काढायचा नाही."

तो हललेला फोटो वर्गातल्या कुणीही अजून विसरलेलं नाही. तुमच्या मोबाइलमध्येही असे फोटो पडून असतील. पुढच्या वेळी पाठवाल तेव्हा थोडे कमी पाठवा आणि तीन ओळी जास्त लिहा. पाहणाऱ्याला त्याने जरा तरी प्रवास घडेल.